जिभेची साक्ष

‘कोलंबो’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या कुठल्याही भागाबद्दल लिहिताना एक सोय असते. रहस्य फोडल्याचं पाप लागत नाही. खून कुणी केला, कसा केला, प्रेताची वाट कशी लावली, हे सगळं पहिल्या पाव-अर्ध्या तासात आपल्या डोळ्यांदेखत होऊन जातं. मग तो चुरगळलेला रेनकोट आणि अर्धवट जळलेली सिगार घेऊन पोलीस लेफ्टनंट कोलंबो येतो आणि उरलेला वेळ खुन्याच्या उंबरठ्यावर घुटमळत राहतो. निघाला निघाला म्हणेपर्यंत दारातून परत वळतो, आणखी एक बारकी शंका विचारतो. मला या मालिकेचं वेड आहे, आणि त्यातही ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ या भागाचं जास्तच. कुणी म्हटलं की मी कोलंबो एकदाही पाहिलेला नाही, एकच भाग दाखव, तर मी डोळे मिटून हाच लावते.

यंदा चवथीला आमच्या मूळ घरी तसंच झालं. फोंड्याच्या बाजूचं जुनं घर, वर्षभर कुलूप, आणि चवथीला एकदम तीस-चाळीस माणसं. गणपतीच्या खोलीत डोक्यावर टांगलेली फळाफुलांची माटोळी, स्वयंपाकघरात नेवऱ्या तळण्याचा वास, आणि बाहेर असा पाऊस की अंगणातसुद्धा जाता येईना. दुपारच्या जेवणानंतर माझ्या मुलीने लॅपटॉप उघडला. ती पुण्याला शिकते. तिच्या वयाच्या मुलांना रहस्यमालिका म्हणजे आठ भागांत आठ वेळा संशय फिरवणारं प्रकरण हवं असतं. भोवती दोन-तीन चुलतभावंडं जमली, आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत वाळपईहून आलेला माझा मामा. मामाला इंग्रजी बेताचं कळतं, पण त्याच्यासाठी गोष्ट सांगत राहण्याचं काम मी आनंदाने पत्करलं. चवथीच्या दिवसांत, जिथे घरात कांदासुद्धा चिरला जात नाही, तिथे वाइनवरचा एपिसोड लावणं हा आगाऊपणाच होता, हे मान्य.

गोष्ट अशी. कॅलिफोर्नियात एक वायनरी आहे. ती चालवतो एड्रियन कार्सिनी, आणि ती भूमिका करतो डोनाल्ड प्लेझन्स. ज्यांनी जेम्स बाँडच्या 1967च्या चित्रपटातला मांजर कुरवाळणारा टकला ब्लोफेल्ड पाहिलाय, त्यांना तो चेहरा आठवेल. हाच नट 1973 सालच्या या भागात इतका वेगळा दिसतो की मध्येच थांबून खात्री करावी लागते. एड्रियन हा पंचावन्नच्या आसपासचा, नीटनेटका, जरा चिरक्या आवाजाचा ब्रह्मचारी. त्याला माणसांपेक्षा बाटल्या जवळच्या. मित्रांना वाइन पाजताना तो ज्या हळुवारपणे ती बाटलीतून काचेच्या सुरईत ओततो, तेवढ्या हळुवारपणे तो साऱ्या भागात कुणाशी बोलत नाही.

त्याचा सावत्र भाऊ रिक. देखणा, उधळा, गाड्या आणि समुद्रात बुड्या मारण्याचा शौकीन, आणि आता पुन्हा एकदा लग्नाच्या बेतात. बापाने मरताना वाटणी केली ती अशी: पैसा एड्रियनला, जमीन रिकला. एड्रियनने आपला सगळा पैसा आणि आयुष्याची पंचवीसेक वर्षं त्या जमिनीवरच्या वायनरीत घातली. आणि एके सकाळी रिक येऊन सांगतो, मी हे सगळं विकतोय. कुणाला, तर गॅलनच्या हिशोबाने स्वस्त वाइन बनवणाऱ्या एका कंपनीला. एड्रियनचा तोल जातो, हाताशी असलेली जड वस्तू तो भावाच्या डोक्यात घालतो.

इथे आमच्या खोलीत पहिली प्रतिक्रिया उमटली. कुणीतरी म्हणालं, “बरं केलं.” आणि कुणी त्याला झापलं नाही.

आता हे गोव्याबाहेरच्या वाचकाला जरा समजावून सांगायला हवं. ज्या घरात आम्ही बसलो होतो, त्याच्या एक-चौदाच्या, म्हणजे सात-बारासारख्या, उताऱ्यावर नावांची रांग आहे. त्यातली काही माणसं वारली, काही मुंबईत, काही लिस्बनला. कुणी एक जण उठून आपला हिस्सा दिल्लीच्या बिल्डरला विकेल, ही भीती प्रत्येक चवथीला जेवणाच्या पंगतीत अदृश्यपणे बसलेली असते. त्यामुळे जमीन विकायला निघालेल्या भावाबद्दल गोव्याच्या प्रेक्षकाला माया वाटणं कठीण. पण खरी गंमत पुढे आहे. एड्रियनचा बाप गोव्यातला असता, तर त्याला अशी वाटणी करताच आली नसती. आमच्याकडे पोर्तुगीजांच्या 1867च्या नागरी संहितेतून आलेला वारसाकायदा आहे. बापाला मृत्युपत्राने फार तर आपल्या मालमत्तेच्या अर्ध्या भागाची मनासारखी विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा मुलांचा, आणि तो सारखा. शिवाय वेगळा करार केला नसेल तर लग्न होताच नवराबायको एकमेकांच्या मालमत्तेचे अर्धे-अर्धे धनी. म्हणजे रिकला वायनरी विकायची असती तर आधी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचं प्रकरण, मग भावाची सही, आणि लग्न लागलेलं असेल तर बायकोचीही सही. तोवर दोघं भाऊ म्हातारे झाले असते आणि खुनाची वेळच आली नसती. मी हे मोठ्याने म्हटलं तेव्हा मामा आरामखुर्चीतून इतका हसला की मांडीवरचं ताट उलटता उलटता राहिलं.

मुलीला मात्र यात रस नव्हता. तिची तक्रार दुसरीच होती. “आई, खुनी तर सांगून टाकला. आता दीड तास बघायचं काय?”

प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. गुन्हा आधी दाखवायचा आणि तपास मागून, ही रचना इंग्रजीत ऑस्टिन फ्रीमन नावाच्या लेखकाने 1912च्या आपल्या कथासंग्रहात रूढ केली. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन मित्रांनी ती टीव्हीवर आणली, आणि त्यांच्या कोलंबोमागे दोस्तोयेव्स्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीतला तो अघळपघळ बोलणारा, खुन्याला त्याच्याच शब्दांत गुरफटवणारा तपास-दंडाधिकारी उभा आहे. नेहमीच्या रहस्यकथेत आपण प्रत्येक पात्राकडे संशयाने बघतो, म्हणून नीट बघतच नाही. इथे संशय संपलेला असतो. मग लक्ष जातं ते माणसाकडे. तो कसा बसतो, कशाला घाबरतो, कशाचा त्याला गर्व आहे. आमच्या पिढीने टीव्हीवर तपास म्हणजे शिवाजी साटमांचं हवेत फिरणारं बोट आणि मोडलेले दरवाजे हे पाहिलं, आणि त्यावर माझं प्रेम आहेच. पण तिथे खुनी हा शेवटच्या पाच मिनिटांत उघडणारं पाकीट असतो. कोलंबोत तो नायक असतो. पाहुणा कलाकार नेहमी खुनीच होतो, आणि एकेक मोठा नट ती संधी साधून घेतो.

पुढे काय होतं ते झटपट सांगते, कारण माझं मन दुसरीकडे अडकलंय. रिक मेलेला नाही, नुसता बेशुद्ध आहे. एड्रियन त्याचे हातपाय बांधतो आणि तळघरातल्या वाइनच्या बंद कोठारात टाकतो. कोठार हवाबंद, आतली हवा यंत्राने येते-जाते. एड्रियन ते यंत्र बंद करतो आणि आपल्या सेक्रेटरीबरोबर न्यूयॉर्कला निघून जातो, वाइनच्या लिलावाला. तिथे तो पाच हजार डॉलरला एक बाटली घेतो. असली बाटली कुणालाच लागत नसते, पण ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडलेली मला चालणार नाही, असं काहीसं तो सेक्रेटरीला सांगतो, आणि या एका वाक्यात माणूस उघडा पडतो. परत आल्यावर गुदमरून मेलेल्या भावाला तो पाणबुड्याचा पोशाख चढवतो आणि समुद्रात सोडतो. बुडी मारताना अपघात, प्रकरण मिटलं.

कोलंबोला खटकतं ते अगदी घरगुती. माणूस दोन दिवस जेवलेला नाही, आणि उपाशीपोटी बुडी मारायला जातो? मध्यंतरी पाऊस पडून गेला, मग किनाऱ्यावर उघड्यावर उभ्या असलेल्या त्याच्या आवडत्या गाडीवर एक डाग कसा नाही? आमच्याकडे गाडीवरच्या पावसाच्या डागांचा पुरावा चालणार नाही, जून ते सप्टेंबर सगळ्याच गाड्या सारख्या मळक्या. पण कॅलिफोर्नियात पाऊस म्हणजे लक्षात राहणारी घटना.

आणि मग येते ती उष्णता.

त्या आठवड्यात एके दिवशी पारा 109 फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ 43 अंश. एड्रियन न्यूयॉर्कमध्ये थंड हवेत बोली लावत होता. इकडे बंद यंत्राच्या कोठारात भावाचं प्रेत होतं, आणि त्याच्या भोवती, रॅकवर आडव्या ठेवलेल्या, आयुष्यभर जमवलेल्या बाटल्या. चांगली वाइन बारा-चौदा अंशांच्या आसपास, अंधारात, न हलवता ठेवायची असते. तापली की बाटलीतला द्रव फुगतो, बुचाला रेटतो, हवा आत शिरते, आणि वर्षानुवर्षं हळूहळू व्हायची ती प्रक्रिया काही तासांत उरकते. जे हाती येतं ते शिजलेलं, सपाट असतं. भावाला मारताना एड्रियनने सगळ्या बाटल्याही मारल्या. आणि गंमत म्हणजे त्याला पत्ताच नाही. बाटल्या बाहेरून तशाच दिसतात.

आता एका चाहतीची तक्रार, कारण तक्रार नसेल तर चाहती कसली. बाहेर 43 असताना जमिनीखालचं दगडी कोठार पटकथेत म्हटलंय तेवढं, म्हणजे दीडशे फॅरनहाइट, आपले पासष्ट अंश, तापेल का? मे महिन्यात वाळपईला पत्र्याखाली बसलेल्या माणसालाही हे पटायचं नाही. दुसरं म्हणजे ज्या वाइनवरून एड्रियन पकडला जातो ती पोर्ट आहे. पोर्ट ही मुळातच दणकट. आंबत असतानाच तिच्यात ब्रँडी घालतात, त्यामुळे गोडवा राहतो आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या घरात जातो. पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातला हा माल बोटीतून इंग्लंडला जाताना टिकावा म्हणून ती रीत पडली. त्या खोऱ्याच्या सीमा पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने 1756 सालीच आखून दिल्या होत्या. आणि पोर्तुगीजांचीच दुसरी वाइन, मदैरा, तिची गोष्ट तर उलटीच. ती पिंपांत भरून जहाजाच्या पोटात घालून उष्ण कटिबंधातून इंडीजकडे, आपल्याच बाजूला, पाठवायचे, आणि परत आलेली पिंपं चाखल्यावर लोकांच्या लक्षात आलं की उन्हातान्हात तापून ती वाइन सुधारली आहे. आजही बरीचशी मदैरा मुद्दाम तापवून करतात, पंचेचाळीस-पन्नास अंशांवर, महिनोन्महिने.

म्हणजे एड्रियनने मदैरा जमवली असती तर तो सुटला असता. भाऊ मेला असता आणि वाइन आणखी छान झाली असती. हे मी म्हटल्यावर मुलगी पहिल्यांदा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, “हा शेवट जास्त भारी आहे.” असेल. पण मग जेवणाचा प्रसंग झाला नसता, आणि तो प्रसंग नसेल तर या भागात बघण्यासारखं फारसं काही उरत नाही.

त्या प्रसंगाआधी मामाबद्दल थोडं सांगावं लागेल. मामाची सत्तरी तालुक्यात काजूची बाग होती आणि तो स्वतः भाटी लावायचा, म्हणजे फेणी गाळायचा. मार्च ते मे. बोंडं गोळा करायची, कोळंबीत, म्हणजे त्यासाठीच्या कुंडात, तुडवायची, दाबून उरलेला स्वच्छ रस तो नीरो, आंबवलेला रस भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, घालून पहिल्या उकळीला उर्राक, आणि दुसऱ्या उकळीला फेणी. लहानपणी सुट्टीत गेले की त्या भाटीचा गोड-आंबट वास केसांत बसायचा आणि आई घरी आल्याआल्या डोक्यावरून पाणी घालायची. मामा पिणारा नव्हे. तो चाखायचा. तळहातावर दोन थेंब घेऊन दोन्ही हात चोळायचे, नाकाशी धरायचे, आणि मग बोलायचं. विस्तव जास्त झाला की फेणीला धग लागते, तो जळका वास त्याला लगेच कळायचा. भाण नीट धुतलेलं नाही हे कळायचं. रसात गूळ किंवा साखर घालून माल वाढवलाय हे तर ग्लास लांबून यायच्या आधीच. किती ग्राव, म्हणजे किती कडक, हे तो बाटली हलवून वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून सांगायचा, आणि पुढे मापाने ते बरोबर निघायचं.

2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016मध्ये राज्याने तिला वारसा पेय म्हणून मान दिला, आणि आता ती देखण्या बाटल्यांत पर्यटकांना मिळते. मामाच्या पिढीला हे सगळं बरं वाटतं, पण त्यांचा भरवसा नाकावर आणि जिभेवर. आणि ही जीभ मोठी अडचणीची चीज आहे. आमच्या घरातली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. एका नात्यातल्या साखरपुड्यात मुलाकडच्यांनी मोठ्या कौतुकाने घरची म्हणून फेणी दिली. मामाने तळहातावर थेंब घेतले, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ही बोंडाची नाही, गुळाची आहे. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. कुणाचा अपमान होईल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. विचारलं म्हणून सांगितलं. लग्न झालं, पण दोन्ही घरं पुढे कितीतरी वर्षं एकमेकांच्या चवथीला गेली नाहीत. मामीने त्याला किती समजावलं असेल! नुसतं ‘बरी आहे’ म्हणता येत नाही? नाही येत.

आता तो जेवणाचा प्रसंग. कोलंबो एव्हाना वाइनची धावती शिकवणी घेऊन आलाय. जी विद्या शिकायला माणसाचा जन्म जातो ती याला तासा-दीड तासात हवी असते, आणि त्याच्या त्या भाबड्या आर्जवापुढे दुकानदारही विरघळतो. संशयाबद्दल दिलगिरी म्हणून तो एड्रियनला आणि त्याच्या सेक्रेटरीला एका महागड्या रेस्टॉरंटात जेवायला बोलावतो. प्रत्येक पदार्थाबरोबरची वाइन कोलंबोने अचूक निवडली आहे, आणि एड्रियन खूश आहे. खरोखर खूश. त्याच्या डोळ्यांत गुरूचं समाधान आहे. शेवटी कोलंबो वाढायला सांगतो ती 1945ची व्हिंटेज पोर्ट. असली बाटली या हॉटेलात आहे याचंच एड्रियनला अप्रूप. पेला येतो. तो वास घेतो, घोट घेतो, आणि त्याचा चेहरा बदलतो.

मग तो फुटतो. वाइन वाढणाऱ्याला बोलावतो, मालकाला बोलावतो, साऱ्या हॉटेलासमोर आवाज चढवतो. ही वाइन खराब झाली आहे, हिला भयंकर उष्णता लागली आहे, इतक्या सुंदर जेवणाचा तुम्ही या घाणीने सत्यानाश केला. प्लेझन्स हे असं करतो की हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. इतका वेळ जो माणूस प्रत्येक शब्द तोलून बोलला, भावाच्या मरणावर ज्याचा आवाज कापला नाही, तो एका पेल्यासाठी थरथरतोय. हॉटेलवाले बिचारे माफी मागतात. कोलंबो खाली मान घालून पैसे चुकवायच्या गोष्टी बोलतो. आणि आपल्याला अजून कळलेलं नसतं की काय झालं. ती बाटली हॉटेलची नव्हतीच. कोलंबोने ती एड्रियनच्याच कोठारातून उचलून आणली होती.

आमच्या खोलीत इथे सगळे एकदम बोलायला लागले. मामा तेवढा गप्प होता. मग तो म्हणाला, “ताणें सोरो वळखलो आनी थंयच सांपडलो.” त्याने दारू ओळखली आणि तिथेच सापडला. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावं तसं, “ह्या मनशाक फट मारूंक येना.” या माणसाला खोटं बोलता येत नाही.

पाच शब्दांत त्याने जे म्हटलं ते मला इतकी वर्षं नेमकं पकडता आलेलं नव्हतं. एड्रियन खोटं बोलण्यात पटाईत आहे. पोलिसांशी, मित्रांशी, भावाच्या होणाऱ्या बायकोशी तो सराईतपणे खोटं बोलतो. पण वाइनच्या बाबतीत तो खोटं बोलू शकत नाही. तोंडात वाईट घोट असताना ‘छान आहे’ म्हणणं ही गोष्ट त्याच्या हातून होण्यासारखी नाही, मग समोर पोलीस बसलेला असो की फाशीचा दोर. कोलंबोचा सापळा त्याच्या लोभावर किंवा भीतीवर रचलेला नाही. तो रचलाय त्याच्यातल्या एकमेव निर्मळ गोष्टीवर. रासायनिक तपासणीने हे सिद्ध झालं नसतं, असंही पटकथा सुचवते. ती वाइन किती तापली हे ओळखणारं एकच यंत्र त्या शहरात होतं, ते म्हणजे आरोपीची जीभ. आणि तिला साक्षीला उभं करायचं तर आधी तिच्या मालकाला चांगलं जेवायला घालायला हवं होतं.

मला ‘कोलंबो’च्या एकोणसत्तर भागांतले बरेच पुरावे हुशारीचे वाटतात आणि थोडे तकलादूही. हा एकच पुरावा आहे जो पाहताना दुःख होतं. कारण खुनी चुकला म्हणून पकडला जात नाही. त्याचं निदान शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून पकडला जातो.

कायद्याने हे टिकेल का? माझा धाकटा दीर म्हापशाला वकिली करतो, त्याने तिथल्या तिथे प्रकरण निकालात काढलं. न विचारता उचललेली बाटली, तिच्यावर कुणी तरी दिलेलं तोंडी मत, आणि पुढे पोलिसाशी एकांतात झालेलं बोलणं. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतच नाही. “पहिल्या तारखेला जामीन,” असं म्हणून तो पत्त्यांच्या डावाकडे निघून गेला. त्याचं बरोबर आहे. पण एड्रियन वकिलाकडे जाणाराच नाही. आपला सगळा संग्रह मेलाय हे कळल्यावर तो बाटल्या गाडीत घालतो आणि कड्यावर उभा राहून एकेक समुद्रात फेकायला लागतो. पुरावा नष्ट करायला असं वाटेल, पण त्याच्या हातांत घाई नाही. कोलंबो तिथे पोचतो तेव्हा पळापळ नाही, आरडाओरडा नाही. परतीच्या वाटेवर, कोलंबोच्या त्या खटारा प्यूजो गाडीत, कोलंबो एक बाटली काढतो. जेवणानंतरची गोड, इटालियन वाइन. एड्रियन लेबल बघतो आणि शिष्य नीट शिकला म्हणून त्याला दाद देतो. दोघे पेले भरतात.

पीटर फॉकने या लेफ्टनंटच्या भूमिकेसाठी चार एमी पुरस्कार मिळवले, आणि लोकांना आठवतो तो त्याचा विसरभोळेपणा, बायकोच्या गोष्टी, काचेचा डोळा. मला हा पेला आठवतो. पकडलेल्या माणसाबद्दल इतका आदर दाखवणारा पोलीस पडद्यावर मी क्वचितच पाहिलाय. हा भाग अमेरिकेत 7 ऑक्टोबर 1973 रोजी दाखवला गेला. मुंबई दूरदर्शनला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आमच्या घरात टीव्ही यायला तर कितीतरी अवकाश होता. इतक्या वर्षांनी तो पाहताना चित्र जुनाट वाटतं, रेस्टॉरंटातल्या बायकांचे केस हास्यास्पद वाटतात, पण त्या दोन माणसांमधलं काही जुनं झालेलं नाही.

तरी एक गोष्ट मला दर वेळी टोचते, आणि यंदा मुलीने ती बोलून दाखवली म्हणून बरं वाटलं. ती म्हणजे सेक्रेटरी, कॅरन. ज्यूली हॅरिस ही अमेरिकन रंगभूमीवरची फार मोठी नटी, आणि तिच्या वाट्याला आलेलं हे काम वरवर पाहता दुय्यम. कॅरनने कितीतरी वर्षं एड्रियनचं ऑफिस सांभाळलं, त्याच्यावर मनोमन प्रेम केलं, त्याने कधी तिच्याकडे पाहिलं नाही. रिकला जिवंत बाहेर जाताना पाहिलं, अशी ती खोटी साक्ष देते आणि मालकाला वाचवते. मग त्याची किंमत मागते: लग्न. एड्रियनला तुरुंगापेक्षा हे भयंकर वाटतं. पकडलं गेल्यावर त्याला जी सुटका वाटते त्यात तिच्यापासूनची सुटका आहे, आणि पटकथा त्यावर आपल्याला हसायला लावते.

“म्हणजे तिने इतकी वर्षं राबायचं, खोटी साक्ष देऊन स्वतः गोत्यात यायचं, आणि शेवटी विनोद तिच्यावरच?” मुलगी म्हणाली. “आणि त्या दोघांनी वाइन प्यायची?”

मामाचं म्हणणं वेगळं. ती ब्लॅकमेल करते, त्यामुळे तिची कीव कशाला. दोघांची चांगलीच जुंपली. मामीने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं की भांडण कशावरून, आणि सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, या वेळी कोंकणीत आणि कॅरनच्या बाजूने, मुलीने सांगितली. मामी पदराला हात पुसत उभ्याउभ्याच ऐकत राहिली. साखरपुड्याचा तो प्रसंग झाला तेव्हा मुलाकडच्यांच्या पाया पडून लग्न पार पाडणारी तीच होती.

“ती बायल मागीर खंय गेली?” मामीने विचारलं. ती बाई पुढे कुठे गेली, हे त्या भागात सांगितलेलं नाही. कॅरन शेवटच्या प्रसंगात नाहीच.